पेडल खाली गेलं त्या दिवसापासून: ब्रेक अपग्रेडचा तीन वर्षांचा रिव्ह्यू

शर्यतीच्या ट्रॅकवर चौथ्या लॅपला, म्हणजे चौथ्या फेरीला, सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही, पाय तसाच खाली जात राहिला. पटापट दोन-तीनदा पेडल मारलं तेव्हा कुठे थोडा जोर आला, मग गिअर खाली टाकत, वळण सोडून सरळ बाहेरच्या मोकळ्या जागेत गाडी नेऊन थांबवली. कुणाला काही झालं नाही, गाडीलाही नाही. पण ते दोन-तीन सेकंद मी अजून विसरलेलो नाही, आणि त्यानंतर तीन वर्षांत ब्रेकमध्ये जे जे बदलता येतं ते जवळजवळ सगळं बदलून बघितलं. ब्रेकचं ऑइल, चाकासोबत फिरणारी डिस्क, तिला घासणारे पॅड, ते पॅड दाबणारं मोठं कॅलिपर किट, कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारे होज, सगळं. क्रम मात्र उलटा झाला, सगळ्यात महाग वस्तू मी सगळ्यात आधी घेतली. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कोणी आत्ता त्याच टप्प्यावर असेल तर त्याने निदान सुरुवात बरोबर करावी.

गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॉट हॅचबॅक, म्हणजे ताकदवान इंजिनची छोटी गाडी आहे, मी बसल्यावर धरून वजन साधारण १५०० किलो. रोज हीच चालवतो आणि वर्षातून पाच-सहा वेळा ट्रॅकवर नेतो. तुमची गाडी फक्त रस्त्यावर चालत असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागणारही नाही, तसं मी पुढे सांगतोच.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. ब्रेक "गेले" हे वाक्य पुरेसं नाही, कसे गेले ते पायाला विचारा. पेडल मऊ पडून खाली गेलं असेल तर ऑइल उकळलंय, कारण उकळल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते, मग तुमच्या पायाचा जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो, कॅलिपरपर्यंत पोचतच नाही. पण पेडल कडक आहे, जागच्या जागी थांबतंय, तुम्ही जीव खाऊन दाबताय आणि तरी गाडी थांबेना, तर पॅड त्याच्या तापमानाच्या बाहेर गेलाय. हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांचं औषध वेगळं आहे. तिसरा प्रकार म्हणजे ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरणं, त्याचं कारण आणखीनच वेगळं. माझं पेडल खाली गेलं होतं, म्हणजे उत्तर समोर होतं, ऑइल. मी घेतलं काय, तर मोठं किट.

किट घेण्यामागे समज असा की मोठे ब्रेक म्हणजे गाडी लवकर थांबणार. हे अर्धवट खरं आहे. गाडी थांबवतो तो टायर. तुमचे आत्ताचे ब्रेक जर ताशी १०० च्या वेगात चाक लॉक करायला, म्हणजे एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू करायला पुरेसे असतील, तर एका ब्रेकिंगपुरता टायरची पकड हीच शेवटची मर्यादा आहे, कितीही मोठं कॅलिपर लावा, थांबायचं अंतर त्याने कमी होत नाही. अंतर कमी करायचं असेल तर चांगले टायर घ्या, खरंच सांगतो, पहिले पैसे तिथेच घाला.

मग मोठ्या ब्रेकचा उपयोग काय? उष्णता. ब्रेकचं खरं काम वेगाची उष्णता करून ती हवेत सोडायचं आहे, आणि वेग दुप्पट झाला की ती ऊर्जा चौपट होते. मी एकदा बसून हिशोब केला. माझी १५०० किलोची गाडी ताशी १६० वरून ६० वर आणली की सुमारे १.२७ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातली ७० टक्के पुढच्या चाकांवर धरली तर एका पुढच्या डिस्कच्या वाट्याला साडेचार लाख ज्यूलच्या आसपास येतात. डिस्क आठ किलोची असेल तर एका ब्रेकिंगला ती शंभर-एकशेदहा अंशांनी तापते. एका ब्रेकिंगला! आणि ट्रॅकवर पुढचं वळण काही सेकंदांवर असतं, तोपर्यंत ती पूर्ण थंड होतच नाही, त्यामुळे प्रत्येक लॅपला पातळी वर वर चढत जाते. तीच डिस्क दहा किलोची असली तर वाढ नव्वदच्या जवळ येते, आणि आतल्या फटींतून हवा जास्त खेळत असेल तर दोन वळणांच्या मधे ती जास्त थंडही होते. मोठं किट घेतलं की तुम्हाला हे मिळतं, दहाव्या लॅपला पहिल्या लॅपसारखा ब्रेक. १९५३ ला ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारची सी टाइप डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली त्यातलं मर्म हेच होतं, ड्रमवाल्या गाड्यांचे ब्रेक तापून सुस्तावायचे आणि हिचे पुन्हा पुन्हा तसेच लागायचे.

आता किटचा रिव्ह्यू. चार पिस्टनचं फिक्स्ड (जागचं न सरकणारं, दोन्ही बाजूंना पिस्टन असलेलं) कॅलिपर, ३४५ मिलिमीटरची दोन तुकड्यांची डिस्क, आधीची कंपनीची ३१२ ची होती. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मला आलेल्या अडचणी बऱ्याचशा बसवण्यातल्या होत्या.

पहिली गोष्ट चाकात बसतंय का ते. डिस्क आत मावली म्हणजे झालं असं नाही, अडचण कॅलिपरच्या जाडीची आणि रिमच्या काड्यांची असते. चांगल्या कंपन्या कॅलिपरच्या आकाराचा नकाशा देतात, तो प्रिंट करताना मोजपट्टीने तपासा की प्रिंटरने छोटा केला नाहीये, मग जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि चाक उलटं ठेवून आतून फिरवून बघा. कॅलिपर आणि काडी यांच्यात निदान तीन मिलिमीटर मोकळे हवेत. माझा पुठ्ठा छान फिरला, मी खूश, आणि किट बसवून पहिल्यांदा गाडी हलवली तर टक टक टक. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं कॅलिपरला घासत होती. ती काढून दुसऱ्या जागी चिकटवून परत बॅलन्सिंग केलं. आणि एक, जे कोणीच सांगत नाही, डिकीतली स्टेपनी बघा. माझी स्टेपनी कमी आकाराची आहे, ती आता पुढच्या चाकाला बसतच नाही. पुढचं पंक्चर झालं तर मागचं चाक काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे, म्हणजे पावसात रस्त्याच्या कडेला दोनदा जॅक लावायचा. हे माहीत असून घेतलं तर ठीक आहे, नंतर कळलं तर फार चिडचिड होते.

दुसरी गोष्ट ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा बाहेर काढणं. ज्या वर्कशॉपमध्ये बसवलं तिथे डावं कॅलिपर उजवीकडे आणि उजवं डावीकडे लागलं. दिसायला सगळं जागच्या जागी, बोल्ट बरोबर, डिस्क बरोबर, पण पेडल काही केल्या कडक होईना. दीड लिटर ऑइल वाया गेलं. मी शेवटी खाली वाकून टॉर्च मारला तर ब्लीडिंगचे निपल (हवा सोडायचे छोटे स्क्रू) खालच्या बाजूला! हवा वर जाते, निपल वरच हवं, खाली असेल तर कॅलिपरच्या वरच्या भागात अडकलेली हवा जन्मात बाहेर येणार नाही. फिक्स्ड कॅलिपरला आत एक आणि बाहेर एक असे दोन निपल असतात, दोन्हीकडून ब्लीडिंग करायचं. कॅलिपरवर पिस्टनचे आकारही बघून घ्या, बहुतेक वेळा लहान पिस्टन आणि मोठा पिस्टन असतो, डिस्क फिरताना पॅडमध्ये जिथून शिरते तिकडे लहान आणि जिथून बाहेर पडते तिकडे मोठा, म्हणजे पॅड तिरका झिजत नाही. बाजू उलटी झाली तर तेही उलटं होतं. होजच्या जोडावरचे तांब्याचे वॉशर नवे घाला, जुने परत दाबून बसवू नका, आणि काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू देऊ नका, तारेने वर बांधायला सांगा.

बसल्यावर चालवायला कसं? पेडलचा फील एकदम सुधारला, यात शंका नाही. फिक्स्ड कॅलिपर कमी वाकतं, सरकणाऱ्या पिनांचा खेळ नसतो, त्यामुळे पाय जेवढा दाबू तेवढाच ब्रेक लागतो, मधे स्पंजासारखं काही नाही. पण जोर किती वाढला? इथे लोकांचा मोठा गैरसमज आहे की चार पिस्टन म्हणजे एका पिस्टनच्या चौपट जोर. तसं नसतं. माझ्या जुन्या सरकत्या कॅलिपरमध्ये ५७ मिलिमीटरचा एक पिस्टन होता, त्याचं क्षेत्रफळ सुमारे २५५० चौरस मिलिमीटर. नव्यात एका बाजूला ३८ आणि ४२ चे दोन, मिळून २५२० च्या आसपास. मोजायची एकच बाजू, कारण दुसरी बाजू फक्त समोरून तेवढाच प्रतिकार करते, सरकत्या कॅलिपरमध्ये ते काम कॅलिपरची बॉडीच करते. म्हणजे पकडायचा जोर होता तेवढाच. जे वाढलं ते डिस्क मोठी झाल्यामुळे, पॅड मध्यापासून जास्त लांब पकडतो म्हणून, बारा टक्क्यांच्या आसपास.

आणि हे असंच असायला हवं, हे मला खूप उशिरा कळलं. कारण पिस्टन खूप मोठे घेतले तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप, तोच राहतो, त्याला जास्त ऑइल ढकलावं लागतं, पेडल लांब जातं. शिवाय पुढचेच ब्रेक फार ताकदवान झाले तर पुढची चाकं आधी लॉक होतात, एबीएस लवकर मधे पडतं, मागची चाकं आपल्या वाटचं काम करतच नाहीत आणि थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. इतके पैसे घालून गाडी आधीपेक्षा उशिरा थांबली तर काय उपयोग. म्हणून किट विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा की माझ्या गाडीसाठी पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल तुम्ही मोजलाय का आणि पिस्टनचे आकार त्याप्रमाणे निवडलेत का. उत्तरात फक्त रंगांचे पर्याय ऐकू आले तर दुसरीकडे जा. ब्रेम्बो, एपी रेसिंग अशा जुन्या नावांच्या वस्तूंचे नकली भाग बाजारात फिरतात, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, ब्रेकमध्ये स्वस्त सापडलं म्हणून आनंद मानू नये. आणि शर्यतीसाठीची काही कॅलिपर असतात त्यांना पिस्टनवर धुळीपासून वाचवणारं रबरच नसतं, ती वरचेवर उघडून सील बदलायला लागतात, रोजच्या गाडीवर ती घेऊ नका.

तर असं किट लावून, बाकी सगळं नीट करून मी पुढच्या ट्रॅक डेला गेलो. पहिले चार लॅप स्वप्नासारखे. सातव्या लॅपला पेडल परत मऊ. तेच.

मला त्या दिवशी खरंच रडू यायचं बाकी होतं. पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबायच्या जागेत) बसून विचार केला तेव्हा आठवलं की वर्कशॉपमधल्या रॅकवर उघड्या झाकणाचा डबा होता, साध्या ब्रेक ऑइलचा, त्यातलंच ओतलं होतं. कधी उघडला होता देव जाणे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, नेहमीच्या डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ या सगळ्या प्रतींच्या ऑइलचा तो स्वभावच आहे. म्हणून डब्यावर उकळण्याचे दोन आकडे असतात, एक कोरड्या ऑइलचा आणि एक ओल्याचा, ओला म्हणजे त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यावरचा. डॉट ४ ला नियमाप्रमाणे कोरडं किमान २३० अंश आणि ओलं किमान १५५ अंश लागतं. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. बघा किती मोठा फरक पडतो, सत्तर-ऐंशी अंश नुसत्या पाण्याने गेले. मी त्यानंतर मोटुल आरबीएफ ६०० घातलं, त्याचा कोरडा आकडा ३१२ अंश आहे, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत माझं पेडल एकदाही खाली गेलेलं नाही. एकदाही नाही. कॅस्ट्रॉल एसआरएफ त्याहून महाग, पण त्याची खासियत ओल्या आकड्यात आहे, तो २७० च्या आसपास राहतो, म्हणजे वारंवार बदलायला वेळ नसणाऱ्याला ते जास्त परवडेल.

सवय एवढीच लावून घ्या की दर वेळी नवा सीलबंद डबा, अर्धा उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा नाही. ट्रॅकवर जात असाल तर वर्षातून निदान एकदा पूर्ण ऑइल बदला, जास्त जात असाल तर दोनदा, आणि तापवून तापवून चालवल्यानंतर थोडं ब्लीडिंग करून कॅलिपरमधलं जळकं ऑइल बाहेर काढा. ते रंगाने चहासारखं निघालं की कळतं किती तापलं होतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे, नाव ५.१ सारखं असलं तरी वस्तू पूर्ण वेगळी, चुकूनही मिसळू नका. आणि गाडीच्या पुस्तकात पातळ ऑइल सांगितलं असेल तर थंड प्रदेशात ते पाळा, कारण ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पंप थंडीत घट्ट ऑइल वेगाने ढकलू शकत नाही.

माझ्या मते सगळ्या अपग्रेडमध्ये पैसा वसूल क्रमांक एक हेच. दिसत काहीच नाही, फोटोत येत नाही, पण जीव यावर आहे.

क्रमांक दोन पॅड, आणि इथे मात्र निवड खरंच अवघड आहे कारण एकच पॅड सगळं करू शकत नाही. रस्त्यावरचा पॅड थंडीतही पहिल्याच दाबाला पकडतो, आवाज करत नाही, धूळ कमी करतो, पण साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे त्याचा दम तुटतो. शर्यतीचा पॅड सहा-सातशे अंशांवरही टिकतो पण थंड असताना पकडत नाही. मी एकदा ट्रॅकवरून परतताना आळस केला, पॅड न बदलता तसाच घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच सिग्नलला गाडी माझ्या अंदाजापेक्षा चांगली दोन मीटर पुढे जाऊन थांबली. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. रोजच्या गाडीवर शर्यतीचा पॅड ठेवू नका, कोणी कितीही सांगू दे.

मधला पर्याय म्हणजे जलद रस्ता आणि हलका ट्रॅक यासाठीचे पॅड, फेरोडो डीएस २५०० हे त्यातलं बरंच प्रसिद्ध नाव, मी गेली दीड वर्षं तेच वापरतोय. थंड असताना साध्या पॅडइतकी झडप नाही पण भरवसा आहे, गरम झाल्यावर फार छान, पाय हलका केला की ब्रेकही तितकाच हलका होतो, वळणात शिरताना हे फार महत्त्वाचं असतं. तोटा आवाजाचा, थांबता थांबता शेवटच्या दहाच्या वेगात कधी कधी किंचाळतात. आणि धूळ जास्त, रिम आठवड्याला धुवायला लागतात, ओली धूळ तशीच वाळू दिली तर रिमच्या रंगात चावते.

पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ, जीजी अशी. पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. याच्यावरून पॅड किती चावतो ते कळतं, किती वेळ टिकतो ते नाही, त्यामुळे जीजी दिसलं म्हणून ट्रॅकचा पॅड समजून घेऊ नका. कंपनीच्या तक्त्यात तापमानाप्रमाणे घर्षणाची रेघ दिलेली असते ती बघा, ती रेघ जितकी सपाट तितकं बरं. खूप वर चढून धाडकन खाली येणारी रेघ असेल तर तो पॅड वळणात फसवणार. आणि पुढे-मागे वेगवेगळ्या जातीचे पॅड टाकताना परत तोच तोलाचा प्रश्न येतो, मागे जास्त चावणारा पॅड तर कधीच नको, गाडी मागून फिरेल.

नवे पॅड घातल्यावर बेडिंग करायचंच. पॅडच्या मालाचा एक पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो, खरी पकड त्या थरावर होते. मी मोकळा रस्ता बघून ताशी १०० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा जोरात पण एबीएस न लागू देता ब्रेक मारतो, पूर्ण थांबायचं नाही, लगेच परत वेग घ्यायचा. सहाव्या-सातव्या वेळी वास येतो, थोडा धूरही दिसू शकतो, घाबरू नका. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला कमीत कमी हात लावत, म्हणजे पाय लावत, शांतपणे चालवून थंड करायचं. नंतर डिस्क बघितली तर तिच्यावर एकसारखी निळसर करडी झाक दिसते, ठिपके नाही, पट्टे नाहीत. कंपनीने स्वतःची पद्धत दिली असेल तर तीच करा.

त्यातली "पूर्ण थांबायचं नाही" ही अट का, हे मला थरथरीमुळे कळलं. दुसऱ्या वर्षी ताशी १२० वर ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात नाचायला लागलं. सगळे म्हणाले डिस्क वाकली, बदल. डिस्क काढून डायल लावून मोजली तर वाकलेली नव्हती. झालं असं होतं की ट्रॅकवरून गरमागरम गाडी आत आणून मी ब्रेकवर पाय ठेवून उभा राहिलो होतो, त्यामुळे पॅडचा माल एकाच जागी डिस्कला चिकटला, आणि तिथे दर फेरीला पकड बदलायची. बहुतेक "वाकलेल्या" डिस्कची गोष्ट ही असते. जोरात तापवून, पुन्हा नीट बेडिंग करून माझी थरथर नव्वद टक्के गेली, नवी डिस्क घ्यायची वेळ आली नाही. आता शेवटचा लॅप हळू मारतो, आत आल्यावर पाय ब्रेकवर ठेवत नाही आणि हँडब्रेकही ओढत नाही, गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावतो.

डिस्कबद्दल थोडक्यात. भोकंवाली डिस्क दिसायला देखणी, पण ट्रॅकवर त्या भोकांच्या कडेपासून भेगा पडायला सुरुवात होते, माझ्या मित्राच्या गाडीवर एका भोकातून दुसऱ्या भोकात गेलेली भेग मी डोळ्यांनी बघितली आहे. चरे मारलेली चालते, पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवते, फक्त पॅड थोडा लवकर झिजतो. साधी सपाट, जाड, हवेच्या फटींची डिस्क रस्त्याला आणि हलक्या ट्रॅकला मला तरी पूर्ण पुरते. केसासारख्या बारीक भेगा चालतात, पण नख अडकायला लागलं किंवा भेग कडेपर्यंत पोचली की त्याच दिवशी बदला. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती मापून बघत जा, पातळ डिस्क म्हणजे उष्णता साठवायला कमी लोखंड. दोन तुकड्यांची डिस्क, मधे ॲल्युमिनियमची टोपी, हिने चाकाकडचं वजन खरंच कमी होतं आणि तापल्यावर कडा मोकळी फुगू शकते, पण थंड असताना खडबडीत रस्त्यावर किणकिण वाजते, मला त्याचा त्रास नाही, घरच्यांना आहे.

कार्बन सिरॅमिक मी विकत घेतलेले नाहीत, एका ओळखीच्यांच्या गाडीत चालवून बघितले. पोर्शने २००१ ला नऊशे अकरा जीटी २ वर दिले तेव्हापासून रस्त्यावरच्या गाड्यांत त्यांचं नाव झालं. वजनाने लोखंडी डिस्कच्या जवळपास निम्मे, स्टिअरिंगला ते लगेच जाणवतं. पण चाक काढता-घालताना कडेला धक्का लागून टवका उडाला तर डिस्क गेली, आणि एका डिस्कच्या पैशात लोखंडी डिस्क-पॅड कित्येक वर्षं येतात. गाडीसोबत आले तर जपा, वेगळे विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका.

स्टीलच्या जाळीचे होज लावले त्याने पेडल थोडं कडक झालं, गाडी दहा वर्षं जुनी असेल तर फरक जास्त वाटेल कारण जुनं रबर फुगतं. नवीन गाडीत फरक इतका कमी की डोळे बांधून विचारलं तर मला सांगता येणार नाही. घ्यायचे असतील तर प्रमाणित घ्या आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून होज कुठे घासत नाही ना ते बघा. कॅलिपरवर चिकटवायची रंगीत झाकणं मात्र नकोच, ती हवा अडवतात, आपण उष्णता बाहेर काढायला धडपडतोय आणि ते झाकून ठेवतात.

ज्याची फारशी चर्चा होत नाही पण मी सगळ्यांना सांगत सुटतो ती वस्तू म्हणजे तापमान दाखवणारा रंग. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर तीन ठिपके लावायचे, हिरवा, नारिंगी आणि लाल, साधारण ४३०, ५६० आणि ६१० अंशांना एकेक ठिपका रंग बदलतो. ट्रॅकवरून आलं की वाकून बघायचं. अंदाज, वाद, ऐकीव गोष्टी सगळ्या तिथे संपतात. माझा मोठ्या डिस्कवर फक्त हिरवा उडाला होता, नारिंगी जसाच्या तसा. मग मी मित्राच्या तशाच गाडीच्या मूळ ३१२ च्या डिस्कवर ठिपके लावले, ऑइल चांगलं, पॅड माझ्याच जातीचे, ट्रॅक तोच, तर त्याचा नारिंगी अर्धवटच पिवळा पडला होता आणि पेडल शेवटपर्यंत कडक. तो माझ्यापेक्षा एका लॅपला दीड सेकंद हळू आहे हे धरलं तरी मला जे कळायचं ते कळलं. मला किटची गरज त्या वेळी नव्हती, ऑइल, पॅड आणि बंपरमधून डिस्कच्या मधोमध हवा नेणारा एक पाइप, एवढ्यावर माझे सहा-सात लॅप आरामात निघाले असते.

किट काढून टाकणार नाही, फील खरंच चांगला आहे आणि आता टायर जास्त चिकट घेतलेत, वेगही वाढलाय. फक्त मागच्या चाकांचे पॅड अजून कंपनीचे साधे आहेत, तिथे पुढच्यापेक्षा एक पायरी कमी चावणारे पण जास्त तापमान सोसणारे घालायचे आहेत, आणि ठिपके या वेळी मागच्या डिस्कवरही लावणार आहे. पुढचा नारिंगी उडाला तर हवेचा पाइप करायला घेईन.